दुखणे हाडांचे, जगणे माणसाचे

(तृतीय वर्ष, कला)

प्रथम वर्षाला असताना घडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून मला या लेखाला हात घालता येणार नाही. आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीत मराठीचे तास दुसऱ्या मजल्यावर होतात. नोटिसांचे रजिस्टर घेऊन वर्गावर्गांतून फिरणारे आमचे शिपाईकाका जिना चढून येत, सरांची सही घेत आणि परत जात. परत जाताना मात्र ते तुमच्या-आमच्यासारखे उतरत नसत. रजिस्टर काखेत मारून, कठडा दोन्ही हातांनी धरून, तोंड वर आणि पाठ खाली अशा अवस्थेत ते एकेक पायरी मागे मागे उतरत. आम्हा मुलींना याचे फार हसू येई. "काका रिव्हर्स गिअरमध्ये निघाले," असे कोणीतरी म्हणे आणि आम्ही सगळ्या खिदळत असू. काकाही हसत. त्यांच्या हसण्याचा अर्थ शोधावा असे तेव्हा मला वाटले नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. आमचे गाव सातारा जिल्ह्यात आहे. पहाटे अंगणात रांगोळी काढीत बसले असता सहज मान वर केली. आमच्या ओट्याला तीनच पायऱ्या आहेत. आजी त्या पायऱ्या उतरत होती. लाकडी खांबाला धरून, अंगणाकडे पाठ करून, एकेक पायरी मागे मागे. रांगोळीची चिमूट माझ्या बोटांत तशीच राहिली. या वेळी मला हसू आले नाही.

त्या दिवसापासून हाडांच्या दुखण्यांविषयी जे जे हाती लागले ते मी वाचत गेले, जाणत्या माणसांना विचारीत गेले. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही. कला शाखेची आहे. त्यामुळे औषधोपचाराचा उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही. पण दुखण्याने माणसाच्या जगण्याचे काय होते, हा विषय केवळ डॉक्टरांचा आहे असे मला वाटत नाही. तो आपलाही आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे म्हण आहे, दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते. हाडांच्या बहुतेक दुखण्यांच्या बाबतीत ही म्हण उलटी होते. ही दुखणी मुंगीच्याच पावलांनी येतात आणि पुष्कळदा जातच नाहीत. आजीचे तसेच झाले. पूर्वी ती आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून पंढरपूरपर्यंत पायी जात असे. एका वर्षी तिने जाहीर केले, "यंदा एश्टीनं जाऊ." पुढे तेही राहिले. मग आठवडी बाजार बंद झाला. भाजी वडील आणू लागले. गावच्या देवीला बावीस पायऱ्या आहेत. आजी खालूनच हात जोडू लागली. शेजारच्या घरचे हळदीकुंकू सुटले, कारण तिथे सतरंजीवर बसावे लागते आणि बसले की उठता येत नाही. लग्नाकार्यातली पंगत सुटली. एके काळी ज्या बाईला सारी पंचक्रोशी माहीत होती, तिचे जग आळीपुरते, मग ओट्यापुरते, मग खाटेपासून मोरीपर्यंत उरले.

या साऱ्याला आमच्या घरात एकच उत्तर होते, "आता वय झालं." आजीही तेच म्हणे. आई कधी म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरला दाखवू या का?" तर आजी म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं. गुडघं म्हातारं झाल्यात, त्यास्नी काय दाखवायचं?" आणि आम्ही तिच्या सोशिकपणाचे कौतुक करून मोकळे होत असू.

वास्तविक गुडघ्यात काय बिघडते? मांडीचे हाड आणि नडगी जिथे एकमेकांवर टेकतात तिथे दोहोंच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, आणि सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती बिघडली तर स्वतःहून सहसा भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नसतात, त्यामुळे ती झिजू लागली तरी सुरुवातीला माणसाला पत्ता लागत नाही. ज्या वेळी कळ येऊ लागते त्या वेळी आतले नुकसान पुष्कळ पुढे गेलेले असते. भोवतालचे हाड, सांध्याचे आवरण, स्नायू असे सारेच त्यात ओढले गेलेले असते. यालाच अस्थिसंधिवात म्हणतात. वय हे त्याचे एक कारण खरेच. पण वाढलेले वजन, जुनी इजा, वर्षानुवर्षे उकिडवे बसून किंवा ओझी वाहून केलेली कामे हीही कारणे आहेत. आणि हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो, विशेषतः पाळी गेल्यानंतरच्या वयात. सारे काही वयावर ढकलले म्हणजे बाकीच्या कारणांकडे पाहायला नको, एवढीच सोय त्यात आहे.

कोणी म्हणेल, क्षय, कर्करोग, हृदयविकार यांच्यापुढे गुडघेदुखीचे कौतुक ते काय? माणूस गुडघ्याने थोडाच मरतो! हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, आणि फार काळ जगाचे आरोग्यशास्त्रही बहुतांशी याच विचाराने चालले. कोणत्या रोगाने किती माणसे मेली याचे कोष्टक मांडायचे आणि त्यावरून रोगाचे महत्त्व ठरवायचे. जे मारत नाही ते कोष्टकात येत नाही. जागतिक बँकेच्या १९९३ सालच्या विकास अहवालात मात्र एक वेगळा हिशेब मांडला गेला. अकाली मरणाने गमावलेल्या वर्षांबरोबरच अपंगत्वात काढलेली वर्षेही त्यात धरली गेली. हिशेबाची रीत बदलताच इतके दिवस दडून राहिलेली दुखणी यादीत वर आली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की हाडे, सांधे आणि स्नायू यांच्या विकारांनी जगातील सुमारे १७१ कोटी माणसे त्रस्त आहेत, आणि १६० देशांत अपंगत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण साधी कंबरदुखी हे आहे. २०१९ साली अस्थिसंधिवाताचे रुग्ण जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख होते. त्यांत साठ टक्के स्त्रिया होत्या. गुडघ्याचे रुग्ण ३६ कोटी ५० लाख होते. माझी आजी त्या कोट्यवधींतली एक, आणि आमचे शिपाईकाकाही.

हे आकडे दूरदेशीचे वाटत असतील तर जवळचे पाहू. पुणे जिल्ह्यातील भिगवण हे गाव आता आपल्याला उजनीच्या पाणलोटातील रोहित पक्ष्यांमुळे माहीत आहे. या भिगवणमध्ये १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. गावातील ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा अठराहून अधिक माणसांना, सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. पाचांमागे जवळजवळ एक! असे गाव काही भिगवण एकटेच नसेल. मोजले तिथे दिसले, एवढाच फरक.

आता या दुखण्याचे माप कसे घ्यायचे, हा खरा प्रश्न आहे, आणि इथेच मला एक फार मजेची, खरे तर विचार करायला लावणारी गोष्ट वाचायला मिळाली. गुडघ्याच्या रुग्णाचे जगणे किती अडले आहे हे अजमावण्यासाठी जगभर एक प्रश्नावली वापरतात. ती १९८० च्या दशकात कॅनडातील दोन विद्यापीठांत तयार झाली. तिच्यात चोवीस प्रश्न आहेत. पाच वेदनेविषयी, दोन सांधे आखडण्याविषयी आणि तब्बल सतरा दैनंदिन हालचालींविषयी. म्हणजे दुखते किती यापेक्षा अडते कुठे याला तिने अधिक जागा दिली. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. पण प्रश्न पाहा : मोजे घालताना त्रास होतो का? मोटारीत चढता-उतरताना? आंघोळीच्या टबात उतरताना? माझ्या आजीने उभ्या जन्मात मोजे घातले नाहीत आणि टब पाहिलेला नाही. तिला हे प्रश्न विचारले असते तर तिने सगळ्यांना "न्हाई" म्हटले असते आणि तिच्या नावापुढे ठणठणीत असा शेरा पडला असता! मांडी घालता येते का, उकिडवे बसता येते का, हे त्या प्रश्नावलीत नव्हते. कारण ज्यांनी ती तयार केली त्यांच्या देशात माणसे खुर्चीत बसतात. यात त्यांचा दोष नाही. पुण्यातील याच डॉ. चोप्रा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ती प्रश्नावली आपल्याकडच्या रुग्णांसाठी जुळवून घेतली आणि मांडी घालणे, उकिडवे बसणे यांसारख्या आपल्या हालचालींना तिच्यात स्थान दिले. मला तर हे भाषांतराइतकेच, किंबहुना त्याहून मोठे वाङ्मयीन कार्य वाटते! शब्दांचे भाषांतर अनेकजण करतात. इथे जगण्याचे भाषांतर झाले.

कारण आपले जगणे जमिनीलगतचे आहे. जेवण पंगतीत, पूजा पाटावर, भजन सतरंजीवर, भाजी विळीवर, भात लावणी आणि खुरपणी वाकून, आणि सकाळचा विधीही बऱ्याच घरांत उकिडवेच. चालण्यासाठी गुडघा साठ-सत्तर अंशांपर्यंत वाकला तरी भागते, खुर्चीतून उठायला सुमारे नव्वद अंश लागतात. पण उकिडवे बसायला आणि मांडी घालायला तो सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत वाकावा लागतो. म्हणजे खुर्चीतल्या माणसाचा गुडघा थोडा अडला तर त्याचे विशेष बिघडत नाही. आपल्या माणसाचा मात्र तेवढ्यानेच पंक्तिभेद होतो. पंक्तिभेद हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. गेल्या वर्षी आमच्या घरी वास्तुशांत झाली. सगळी पंगत खाली बसली होती आणि आजीचे पान कोपऱ्यात खुर्चीपुढच्या स्टुलावर मांडले होते. वाढणारे तिच्याकडे वळायला विसरत होते. खाली हास्यविनोद चालला होता, आणि ती वरून, एखाद्या परक्या पाहुणीसारखी, आपल्याच माणसांच्या डोक्यांकडे बघत जेवत होती. त्या दिवशी तिच्या गुडघ्याला कळ नव्हती. पण दुखत नव्हते असे कोण म्हणेल?

आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. स्वाभिमानाला आपण 'पाठीचा कणा' म्हणतो. स्वावलंबनाला 'स्वतःच्या पायांवर उभे राहणे' म्हणतो. बरोबरीच्या नात्याला 'मांडीला मांडी लावून बसणे' म्हणतो. शरणागतीला 'गुडघे टेकणे' म्हणतो. आणि म्हाताऱ्या माणसांचे देवाजवळ मागणे काय असते? "हातीपायी धड असताना ने रे बाबा!" ही माणसे मरणाला भीत नाहीत, परावलंबनाला भितात. मरणाचे कोष्टक मांडणाऱ्या तज्ज्ञांना जे उशिरा कळले ते आमच्या आज्यांना कधीपासून ठाऊक आहे.

शेवटी वडिलांनी आजीला तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे नेले. बरोबर मी होते. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दिव्यासमोर धरला आणि विचारले, "आजी, फार दुखतं का?" आजी म्हणाली, "न्हाई, थोडं थोडं." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. सारे तीन-चार मिनिटांत आटोपले. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. बाहेर चाळीस रुग्ण ताटकळत होते. पण एक्स-रेमध्ये जेवढी झीज दिसते तेवढेच दुखते असे नसते, हे वैद्यकातही मान्य आहे. चित्रात फारसे न दिसताही माणूस हैराण असतो आणि चित्र भयानक असूनही एखादा शेतात काम करीत असतो. शिवाय "दुखते का?" या प्रश्नाला आपल्याकडची कोणती बाई खरे उत्तर देईल? तिला लहानपणापासून शिकवलेले असते की दुखणे सांगायचे नसते.

घरी परत आल्यावर रात्री मी आजीजवळ बसले आणि दुसराच प्रश्न विचारला, "आजी, गुडघ्यामुळं तू काय काय करायचं सोडलंस गं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग एकेक बोलू लागली. वारी, बाजार, देवी हे मला माहीत होतेच. पण मग ती हळूच म्हणाली, "संध्याकाळचं पाणी प्यायचं सोडलंय बग. रातीला उठावं लागतंय, आन् संडासात खाली बसलं की उठवंना. एकदा तशीच बसले होते अर्धा तास. कुणाला हाक मारायची? लाज वाटती." उन्हाळ्याच्या दिवसांत माझी आजी संध्याकाळी चारनंतर पाणी पीत नव्हती, आणि आम्ही एकाच छपराखाली राहून हे जाणत नव्हतो. तिने ते कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नव्हते.

मला या लेखात मांडायचे आहे ते एवढेच. हाडांच्या दुखण्याचे खरे माप एक्स-रेत नाही, आणि कळेतही पुरते नाही. त्या दुखण्यापायी माणसाने काय काय सोडले, यात ते आहे. आणि ते विचारल्यावाचून कळत नाही.

विचारल्यावर उपाय सुचतात, आणि ते सारेच महागडे नसतात. वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीच्या स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करणे हे गुडघ्याच्या उपचारांत आज पहिल्या पायरीचे मानले जातात. वजन एक किलो घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे आढळले आहे. "दुखतंय तर हलू नकोस" हा आपला घरगुती सल्ला त्यामुळे पुष्कळदा उलटा पडतो. न वापरलेले स्नायू दुबळे होतात आणि सारा बोजा पुन्हा सांध्यावर येतो. फार बिघडलेल्या सांध्यांसाठी शस्त्रक्रिया आहे. खुब्याचा भरवशाचा कृत्रिम सांधा इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली बसवला, पुढे गुडघ्याचाही आला, आणि असंख्य माणसांना त्याने पुन्हा चालते केले. पण तो सर्वांच्या आवाक्यात कुठे होता? २०१७ सालच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. ज्या नेहमीच्या प्रकारच्या सांध्याची सरासरी किंमत दीड लाखाच्या वर होती, तो ५४,७२० रुपयांवर (अधिक कर) आला. एका निर्णयाने किंमत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येऊ शकते, याचा अर्थ आधी माणसे केवळ हाडांमुळे घरात बसली नव्हती, हा नव्हे काय? आणि रुग्णालयाचा खर्च, घरी सेवा करणाऱ्याची बुडणारी मजुरी ही त्याउपर आहेतच. त्यातही शस्त्रक्रियेनंतर बहुधा सांगितले जाते, आता खाली बसू नका. म्हणजे चालणे परत मिळते, पण पंगत मिळतेच असे नाही.

मग आपल्या जगण्याचा विचार करून कोणी काही बनवलेच नाही काय? बनवले आहे, आणि ते पाहून ऊर अभिमानाने भरून येतो. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आले की पाय गमावलेले खेडूत मोठ्या खटपटीने मिळालेले परदेशी धाटणीचे कृत्रिम पाय टाकून देतात आणि पुन्हा कुबड्या घेतात. का? कारण त्या पायांना बूट लागत, उकिडवे बसता येत नसे, चिखलात आणि शेतात चालता येत नसे, देवळात अनवाणी जाता येत नसे. रामचंद्र शर्मा या अल्पशिक्षित पण हाताचा जादूगार असलेल्या कारागिराबरोबर त्यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा एक पाय तयार केला. तो दिसायला खऱ्या पायासारखा होता, अनवाणी चालणारा होता, आणि मुख्य म्हणजे वाकणारा होता. हाच प्रसिद्ध 'जयपूर फूट'. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पायाचे रहस्य मला रबरात दिसत नाही. रुग्ण पाय का टाकून देतो, हा प्रश्न कोणीतरी त्याला अडाणी न ठरवता विचारला, त्यात दिसते. आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला डॉक्टरच्या शेजारी एक कारागीर मांडीला मांडी लावून बसला, त्यात दिसते.

आपल्यापैकी कोणी डॉक्टर होणार नाही. आपण शिक्षक होऊ, कारकून होऊ, काही जणी केवळ गृहिणी होतील. पण प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. मी परत आल्यावर धीर करून शिपाईकाकांना विचारले, "काका, तुम्ही असे मागे मागे का उतरता?" ते आधी हसले, तेच जुने हसू. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "ताई, सरळ उतरलं की गुडघा दगा देतो. असं उतरलं की कळ कमी येते. पण ऑफिसात बोलू नका हं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. अनफिट म्हणतील." त्यांच्या हसण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. नोकरी वाचवण्यासाठी माणूस आपल्या वेदनेचा विनोद होऊ देत होता, आणि आम्ही शिकलेल्या मुली त्याला हातभार लावीत होतो.

तेव्हा प्राध्यापकमहाशयांना आणि माझ्या मित्रमैत्रिणींना माझ्या काही साध्या सूचना आहेत. नोटिशीचे रजिस्टर दोन मजले चढून फिरलेच पाहिजे काय? मजल्यावरच्या वर्गप्रतिनिधींनी खाली येऊन ते वर नेले तर आमचे पाय झिजणार नाहीत. आपल्या जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे; दुसऱ्या बाजूलाही बसवता येईल. ज्या वर्गात एखादा विद्यार्थी किंवा एखादे अध्यापक पायाने अधू असतील, तो वर्ग वेळापत्रक आखतानाच तळमजल्यावर घेता येईल. त्यासाठी कोणाला अर्ज करायला लावू नये. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ सालचा कायदा शिक्षणसंस्थांच्या इमारती सुगम असाव्यात असे सांगतोच. पण त्या कायद्यातील बऱ्याच सवलतींसाठी शेकडा चाळीस अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. काकांच्या आणि आजीच्या गुडघ्याला असे प्रमाणपत्र नाही, कदाचित मिळणारही नाही. त्यांच्यासाठी कायद्याआधी माणुसकीनेच धावायला हवे. आणि स्नेहसंमेलनाच्या भोजनात खुर्च्या कोपऱ्यात मांडू नयेत. मांडायच्या तर पंगतीच्या मधोमध मांडाव्यात. म्हणजे वर बसलेला माणूस पंगतीतलाच राहील.

सोशिकपणा हा गुण आहे हे मी नाकारीत नाही. पण दुसऱ्याच्या सोशिकपणाचे कौतुक करताना आपण थोडे सावध असावे. त्या कौतुकाने आपली पुष्कळ कामे वाचतात.

आजीचे पुढे काय झाले? चमत्कार काही झाला नाही. वारी तिला आता घडणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. वडिलांनी संडासात बसायची खुर्ची आणली आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडा ठोकून घेतला. दोन्हींचा मिळून खर्च माझ्या एका सत्राच्या पुस्तकांइतका आला. खाटेवर बसून पाय ताठ करायचा व्यायाम आई तिच्याकडून रोज करून घेते. आजी कुरकुरते, पण करते. आता ती ओटा सरळ उतरते असेही नाही. गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेले तेव्हा दिवेलागणीला ती खाटेवर बसली होती. मी माठातले पाणी तांब्यात भरून तिच्यापुढे धरले. तिने तो तांब्या घेतला आणि सगळा पिऊन टाकला.